ताळा जुळला, पण रोकड मोजली का?

१८३२ सालच्या जानेवारीत लंडनमधल्या वॉटर्लू पुलाच्या कठड्यावरून मायकेल फॅरडेने ९६० फूट लांबीची तांब्याची तार नेली होती. तारेच्या दोन्ही टोकांना तांब्याचे पत्रे जोडून ते थेम्स नदीच्या पाण्यात सोडले होते. त्याचा तर्क सरळ होता. चुंबकाच्या क्षेत्रातून वीजवाहक पदार्थ हलला की वीज निर्माण होते, हे त्याने आदल्याच वर्षी दाखवून दिले होते. पृथ्वी हे एक प्रचंड चुंबक, नदीचे पाणी थोडेफार वीजवाहक, आणि भरती-ओहोटीने ते सतत हलते. मग या काठापासून त्या काठापर्यंत विजेचा काही मागमूस लागायला हवा. तीन दिवस त्याने खटपट केली. मापकाची सुई हलत होती, पण तिच्या हलण्याचा नदीशी संबंध काही जुळेना. फॅरडेने रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात हे अपयश जसेच्या तसे सांगून टाकले. तर्क पक्का होता, मोजणी हाती लागली नव्हती. आणि या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे बुकबाइंडरकडे उमेदवारी करून वर आलेल्या त्या माणसाला पुरते ठाऊक होते.

आता नदीच्या जागी आपल्या धमन्या ठेवा. रक्त हेदेखील वाहते खारट पाणीच. चुंबकाजवळून वाहताना त्यातही वीज निर्माण होते, आणि ही काही कविकल्पना नव्हे. १९३६ साली अलेक्झांडर कोलिन यांनी याच तत्त्वावर रक्तप्रवाह मोजण्याचे उपकरण तयार केले. आज एमआरआयच्या बोगद्यात निजलेल्या रोग्याचा ईसीजी काढला तर त्यातली एक लाट भलतीच फुगलेली दिसते. हृदयाला काही झालेले नसते. महाधमनीतून जोराने निघालेले रक्त त्या बलाढ्य चुंबकात आपली वीज तयार करत असते.

त्याच रक्तात लोहाचे अतिसूक्ष्म कण सोडले, त्या कणांना औषध चिकटवले आणि शरीराबाहेर चुंबक धरला तर काय होईल? या 'तर'वर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर शोधनिबंधांचा पाऊस पडला आहे. त्यातल्या मोठ्या भागात ना रक्त असते, ना चुंबक, ना रोगी. असतात ती फक्त समीकरणे.

वाचक म्हणतील, बँकेत जन्म घालवलेल्या कादंबरीकाराला या उठाठेवी कोणी सांगितल्या? त्याचे असे झाले. माझा एक भाचा तालुक्याच्या गावी महाविद्यालयात गणित शिकवतो. पीएच.डी.च्या प्रबंधाचा मराठी गोषवारा भाषेच्या दृष्टीने पाहून द्या, म्हणून त्याने तो माझ्याकडे पाठवला. विषय होता चुंबकीय क्षेत्रातून वाहणाऱ्या नॅनोकणयुक्त रक्ताचे गणित. गोषवारा दीड पानांचा. ते दीड पान समजून घेण्यात माझी दोन वर्षे गेली, पण निवृत्त माणसाकडे वेळेखेरीज दुसरे असते काय?

त्याच सुमारास आमच्या एका जुन्या शाखेतले हेडकॅशियर घरी आले. त्यांच्या पत्नीच्या यकृतात गाठ निघाली होती. खिशातून त्यांनी चार घड्या घातलेले वर्तमानपत्राचे कात्रण काढले. चुंबकाच्या मदतीने औषध थेट गाठीपर्यंत पोचवता येणार, केस गळणे नाही, उलट्या नाहीत, अशी ती बातमी. "साहेब, तुमचा भाचा यातलाच ना? त्याला एकदा विचारून बघा, हे कुठे मिळतं."

भाच्याला विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, मी कधी चुंबक हातात घेतलेला नाही हो."

कल्पना मोहक आहे यात शंका नाही. केमोथेरपीचे औषध शिरेतून गेले की सर्व अंगभर पसरते. गाठीला लागते तेवढेच केसांच्या मुळांना, आतड्याच्या अस्तराला आणि अस्थिमज्जेला लागते. टपालाचे पत्र एका घरी द्यायचे तर गावातल्या प्रत्येक घरात त्याची प्रत टाकावी, तसला हा प्रकार. चुंबकाने पोस्टमनचे काम केले तर कोणाला नको आहे?

लोहकणांचा द्रव तयार झाला तो मात्र औषधासाठी नव्हे. १९६३ साली नासामधल्या स्टीव्ह पॅपेल यांच्यापुढे प्रश्न होता तो अंतराळयानातल्या इंधनाचा. वजनरहित अवस्थेत टाकीतले इंधन तळाशी बसत नाही, वाटेल तिकडे तरंगते. त्यात लोहाच्या खनिजाची, मॅग्नेटाइटची, अतिबारीक पूड मिसळली तर चुंबकाने ते पंपाच्या तोंडाशी ओढून आणता येईल, असा त्यांचा विचार. इंधनासाठी ती युक्ती फारशी कामाला आली नाही. पण चुंबकाकडे झेपावणारा, काट्याकाट्यांनी उभा राहणारा तो काळा द्रव प्रयोगशाळांतून सर्वत्र गेला. १९७८ साली शिकागोच्या विडर आणि सेन्येई यांनी प्रथिनांच्या सूक्ष्म गोळ्यांत औषध आणि मॅग्नेटाइट एकत्र कोंबले. आणि १९९६ साली बर्लिनच्या ल्यूबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसावरच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कर्करोग बळावलेले १४ रोगी. लोहकणांना एपिरुबिसिन नावाचे औषध चिकटवून शिरेतून दिले, गाठीवर चुंबक धरला. रोग्यांना ते सोसले. सुमारे निम्म्या रोग्यांत लोहकण गाठीपर्यंत नेता आले.

हे सर्व मी हेडकॅशियरना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पस्तीस वर्षे नोटा मोजलेल्या माणसाने विचारावा असा एकच प्रश्न विचारला. "आणि उरलेलं कुठे गेलं?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी रक्ताच्या गणितात शिरलो. तो इतिहास मोठा रंजक आहे, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. नळीतून द्रव किती वाहील याचा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो प्वाझय हा फ्रेंच डॉक्टर. त्याला कुतूहल होते केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे, म्हणून १८४० च्या आसपास त्याने काचेच्या अतिबारीक नळ्यांतून पाणी वाहवून वर्षानुवर्षे मोजमापे घेतली. नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह निम्मा होत नाही, पाव होत नाही, एक सोळांश होतो, हे त्याला मोजणीतून सापडले. त्यामागची उपपत्ती इतरांनी नंतर बसवली. पण पाणी वेगळे आणि रक्त वेगळे. १९३१ साली स्वीडनच्या फोरेउस आणि लिंडक्विस्ट यांनी दाखवले की नळी साधारण पाव-तृतीयांश मिलिमीटरहून बारीक झाली की रक्ताचा दाटपणा चक्क कमी झाल्यासारखा भासतो. तांबड्या पेशी मध्यभागी गोळा होतात आणि भिंतीलगत नुसत्या रक्तद्रवाचा निसरडा थर राहतो.

आज रक्तासाठी जे समीकरण सर्रास वापरतात ते कॅसन यांचे, १९५९ सालचे. ते तयार झाले होते छपाईच्या शाईसाठी! तेलात रंगाचे कण मिसळलेली शाई थोडा जोर लावल्याखेरीज हलत नाही, आणि हलली की भराभर पातळ होते. रक्ताचा स्वभावही बराचसा तसाच निघाला. वर्तमानपत्राच्या वाचकाला हे नाते आवडावे. ते तर्काने कोणी जोडलेले नाही, रक्त मोजणाऱ्यांच्या आकड्यांशी ते समीकरण जुळले म्हणून टिकले.

खुद्द आइनस्टाइनचेही एक उदाहरण आहे. द्रवात बारीक गोळ्या मिसळल्या तर त्याचा दाटपणा किती वाढेल, याचे सूत्र त्याने १९०६ साली दिले. पॅरिसला पेरँ यांच्या प्रयोगशाळेत बँसलँ नावाच्या संशोधकाने मोजून पाहिले तर वाढ सूत्रापेक्षा बरीच जास्त. आइनस्टाइनने आपल्या विद्यार्थ्याला, लुडविग होफ याला, सगळे गणित पुन्हा तपासायला सांगितले. चूक सापडली आणि १९११ साली दुरुस्ती छापली गेली. आजच्या नॅनोकणांच्या निबंधांत तेच दुरुस्त सूत्र, अडीचच्या गुणकासह, वापरले जाते. तो गुणक नीट झाला तो पॅरिसमधल्या एका माणसाच्या मोजण्यामुळे, हे निबंधांत येत नाही. तशी अपेक्षाही नाही.

आता हेडकॅशियरांच्या प्रश्नाकडे. मी आणि भाचा एका रविवारी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडायला बसलो. मॅग्नेटाइटचा एक कण घ्या, व्यास १० नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात, म्हणजे हा कण किती लहान ते पाहा. अगदी जवळ चांगला जबरदस्त चुंबक आहे असे धरा. चुंबकाची ओढ आणि रक्तद्रवाचा विरोध यांचा तोल साधून कण चुंबकाकडे किती वेगाने सरकेल? उत्तर आले, सेकंदाला सुमारे २० नॅनोमीटर. स्वतःच्या जाडीच्या दुप्पट. केशवाहिनीची रुंदी ८,००० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायला त्याला पावणेसात मिनिटे लागणार. इकडे रक्त त्या वाहिनीतून सेकंदाला सुमारे अर्धा मिलिमीटर पुढे चालले आहे आणि वाहिनीची एकूण लांबीच मिलिमीटरभर. दोन सेकंदांत कण बाहेर. शिवाय रक्तद्रवाचे रेणू त्याला चहूकडून धक्के देत असतात ते वेगळेच. नुसत्या त्या धक्काबुक्कीने तो सेकंदात आठ-नऊ हजार नॅनोमीटर इकडेतिकडे फेकला जातो. गर्दीच्या लोकलमध्ये दारात उभ्या असलेल्या माणसाला कोणी फलाटावरून करंगळीने खुणावावे, तशी ही चुंबकाची ओढ.

कण मोठा केला तर? ओढ आकारमानाच्या प्रमाणात वाढते, विरोध नुसत्या व्यासाच्या. म्हणून व्यास शंभरपट केला तर वेग दहा हजार पटींनी वाढतो. एक हजार नॅनोमीटरचा गोळा ती वाहिनी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात ओलांडेल. इथवर आनंद. पण मोठे गोळे एकमेकांना चिकटून गाठोडी होतात, ती फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत अडकू शकतात, आणि यकृतात दबा धरून बसलेल्या कुप्फर पेशी असले परके कण वेचून वेचून गिळतात. रक्तात शिरताक्षणी प्रत्येक कणावर प्रथिनांचे पुट चढते. पहारेकरी पेशी ओळखतात ते त्या पुटाला.

शिवाय एक जुनी अडचण आहेच. १८४२ साली सॅम्युएल अर्नशॉने सिद्ध करून ठेवले आहे की स्थिर क्षेत्रांच्या ओढीवर एखादी वस्तू अधांतरी एका बिंदूवर धरून ठेवता येत नाही. चुंबक लोहकणाला स्वतःकडे ओढतो, आपण बोट दाखवू तिकडे नाही. गाठ कातडीखाली असेल तर ठीक. पोटात खोल असेल तर बाहेरचा चुंबक कणांना गाठीकडे नव्हे, कातडीकडे ओढणार.

उरलेलं कुठे गेलं, याचा बराचसा हिशेब हा असा. २०१६ साली टोरांटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्रसिद्ध प्रयोग गोळा करून पाहिले. चुंबकाचे आणि बिनचुंबकाचे, सर्व प्रकारचे नॅनोकण धरून, प्राण्यांना टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचलेल्यांचे मध्यक प्रमाण निघाले ०.७ टक्के. शंभर रुपयांतले सत्तर पैसे. हेडकॅशियरना मी हा आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "मग बाकीच्याची पावती यकृताची." वहिनींवरचे उपचार मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले तसे, नेहमीच्या मार्गाने झाले. कात्रण त्यांनी परत मागून घेतले नाही. ते माझ्याकडेच आहे.

आता समीकरणांच्या जगाकडे येतो. भाच्याच्या प्रबंधात दर दोन पानांआड एक अक्षर भेटे, एम. त्याचे नाव हार्टमन क्रमांक. ज्यूलिअस हार्टमन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९३७ साली कोपनहेगनला चुंबकाच्या कचाट्यातून पारा वाहवला, त्यावरून हे नाव पडले. चुंबक प्रवाहाला किती अडवतो याचे ते माप. प्रबंधातल्या आलेखांत एम कुठे १, कुठे ३, कुठे ५. आणि निष्कर्ष असा की चुंबकीय क्षेत्र वाढवले की रक्ताचा वेग लक्षणीय घटतो.

"हे एक, तीन, पाच आले कुठून रे?" मी विचारले.

"सगळे तेच घेतात मामा. रेषा सुट्या सुट्या दिसतात."

पुन्हा पाकीट उलटे केले. पारा रक्तापेक्षा दहा-पंधरा लाख पटींनी चांगला वीजवाहक आहे. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी घेतली, त्रिज्या दीड मिलिमीटर, आणि तिच्यावर एमआरआयचा दीड टेस्लाचा चुंबक लावला, तर एम येतो ०.०३ च्या आसपास. प्रवाहावरचा परिणाम त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे हजारात एकाहूनही कमी. हाच एम ५ व्हायचा तर चुंबक किती टेस्लाचा लागेल? सुमारे २३५. फ्लोरिडातल्या टॅलाहासी इथे आणि चीनमधल्या हफेई इथे जगातले सर्वांत शक्तिमान, सतत टिकणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात, ते ४५ टेस्लाच्या घरात. त्या यंत्राच्या पोकळीत माणूस सोडा, त्याचा हातही जाणार नाही. भाच्याने पेन खाली ठेवले आणि चहा मागवला. लोहकण मिसळले म्हणून रक्ताचा पारा होत नाही. कणांवरची सरळ ओढ हा निराळा परिणाम आहे, आणि तो मांडण्याचे प्रयत्न झालेले आहेत. ग्रीसच्या झिर्झिलाकिस यांनी २००५ साली दोन्ही परिणाम एकत्र धरणारे प्रारूप दिले. पण असंख्य निबंधांत एमचा तो १, ३, ५ पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणासारखा चालतच राहिला आहे.

त्याहून गमतीचा प्रकार म्हणजे ताणला जाणारा पत्रा. कारखान्यात वितळलेले प्लॅस्टिक साच्यातून ओढून त्याचा पातळ पत्रा काढतात. त्या ओढल्या जाणाऱ्या पत्र्यालगत द्रव कसा वाहील याचे एक देखणे, नेमके उत्तर क्रेन यांनी १९७० साली काढले. प्लॅस्टिकसाठी ते खरोखर उपयोगी. पण त्याची मोहिनी अशी की पुढे त्या पत्र्यावरून लोकांनी सर्व काही वाहवले, आणि शेवटी रक्त वाहवले. कॅसन रक्त, त्यात सोन्याचे कण, लोहाचे कण, दोन्ही मिळून संकर कण, वरून चुंबक, वरून उष्णता, आणि खाली दोन्ही दिशांना अनंतापर्यंत ताणला जाणारा पत्रा. आपल्या शरीरात असा पत्रा कुठे आहे, हे मला कोणी दाखवून द्यावे. आणि प्रत्येक निबंधात एक कोष्टक हटकून असते: आमची उत्तरे पूर्वीच्या अमुक यांच्या उत्तरांशी चार दशांश स्थळांपर्यंत जुळतात. अमुक यांनीही तेच समीकरण सोडवलेले असते.

बँकेतल्या माणसाला हे फार ओळखीचे आहे. संध्याकाळी खतावणीचा ताळा जुळला म्हणजे दोन वह्या एकमेकींशी सहमत आहेत, एवढेच सिद्ध होते. तिजोरीत रोकड आहे की नाही ते तिजोरी उघडून मोजल्यावर कळते. मी एका बाजारपेठेच्या गावी असताना मालाच्या तारणावर कर्जे होती. व्यापाऱ्याकडून दरमहा मालाचे विवरणपत्र यायचे, टंकलिखित, सुबक, बेरजा बिनचूक. एकदा गोदामात जाऊन पोत्यांच्या थप्पीवर चढून पाहिले तर थप्पी मधे पोकळ! चारी बाजूंनी हळदीची पोती आणि आत विहीर. विवरणपत्राची बेरीज तेव्हाही बिनचूकच होती.

भाच्याला मी दोष देत नाही. त्याच्या मार्गदर्शकांनाही देत नाही. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली, त्यात छापलेल्या निबंधाला गुण. पुढे त्या नियमांत फेरफार झाले, पण मोजायची सवय लागली ती लागली. प्रयोगाला पैसा लागतो, यंत्र लागते, रक्त हाताळायची परवानगी लागते आणि प्रयोग फसतो. समीकरणाला संगणक पुरतो आणि ते फसत नाही. बँकेत आम्ही याला मार्चएंड म्हणत असू. ३१ मार्चला ठेवींचा आकडा फुगवायचा, वरिष्ठांचे शाबासकीचे पत्र घ्यायचे, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच ठेवी मुकाट्याने परत जाताना पाहायच्या. सगळ्यांना ठाऊक असे, आणि सगळे पेढे खात. फरक इतकाच की आमच्या फुगवलेल्या ठेवीचे कात्रण खिशात घालून कोणाचा नवरा कोणाच्या दारी जात नसे.

तिजोरी उघडून मोजणारे लोक या क्षेत्रातही आहेत, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. नॅनोकण मिसळलेला द्रव उष्णता अचाट वेगाने वाहून नेतो, असा १९९५ पासून बोलबाला होता. त्याच साली अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेच्या चोई यांनी 'नॅनोफ्लुइड' हा शब्द रूढ केला. एमआयटीच्या बुऑनजोर्नो यांनी पुढाकार घेऊन तेच नमुने जगभरातल्या तीसहून अधिक संस्थांकडे पाठवले आणि सर्वांना मोजायला लावले. २००९ साली निकाल आला: अचाट काही नाही, जुन्या सिद्धांताने जेवढी वाढ सांगितली होती जवळपास तेवढीच. हेच ते बुऑनजोर्नो, ज्यांचे २००६ सालचे प्रारूप ताणलेल्या पत्र्याच्या निबंधांत सर्रास वापरतात. प्रारूप सगळ्यांनी उचलले, मोजणीचा निकाल फार थोड्यांनी. ग्रीसमधले पँटोक्राटोरास वर्षानुवर्षे अशा निबंधांतल्या ढोबळ चुका पत्रे लिहून दाखवत आले आहेत. प्रत्येक ऑफिसात असा एक ऑडिटर असतो. त्याला समारंभाला बोलावत नाहीत.

रक्तप्रवाहाचे गणितच फोल, असा याचा अर्थ कोणी काढू नये. स्टॅनफर्डचे चार्ल्स टेलर यांनी सीटी स्कॅनवरून हृदयाच्या धमन्यांचा आकार घेऊन त्यातल्या प्रवाहाचे समीकरण संगणकावर सोडवले आणि कोणत्या अडथळ्याने रक्ताचा दाब किती घटतो ते काढले. समीकरणे तीच, नेव्हिए आणि स्टोक्स यांची. पण हे आकडे त्यांनी दुसऱ्या कोणाच्या निबंधाशी जुळवले नाहीत. रोग्याच्या धमनीत बारीक तार घालून प्रत्यक्ष मोजलेल्या दाबाशी जुळवले, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २५४ रोग्यांवर. त्याच वर्षी अमेरिकेत त्या पद्धतीला परवानगी मिळाली.

आणि लोहकण? ते फुकट गेले नाहीत. जिथे त्यांच्या स्वभावाशी भांडण न करता काम घेतले तिथे ते कामाला आले. यकृत त्यांना गिळते ना? मग यकृताचेच चित्र काढा. १९९६ साली अमेरिकेत मंजूर झालेले एमआरआयचे एक औषध याच तत्त्वावर होते: निरोगी यकृत कण गिळून काळे दिसते, गाठीत कुप्फर पेशी नसल्याने ती उजळ राहते. २००९ पासून मूत्रपिंडाच्या रोग्यांना रक्तक्षयासाठी लोहाचे नॅनोकण शिरेतून देतात. तिथे चुंबक नाहीच. बर्लिनच्या आंद्रेआस जॉर्डन यांनी प्रवाहाची कटकटच टाळली. मेंदूतल्या गाठीत सुईने थेट कण सोडायचे आणि बाहेरून उलटसुलट होणाऱ्या क्षेत्राने ते तापवायचे. युरोपात त्याला २०१० साली मान्यता मिळाली, पण २०२२ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत निघाली. स्तनाच्या कर्करोगात गाठीजवळ लोहकण टोचतात, ते लसिकेच्या संथ प्रवाहाबरोबर काखेतल्या पहिल्या ग्रंथीपर्यंत आपोआप जातात, आणि शल्यचिकित्सक चुंबकीय मापकाने ती ग्रंथी शोधून काढतात. अमेरिकेत याला २०१८ साली परवानगी मिळाली. इथे कणांना कोणी ओढत नाही. ते आपल्या वाटेने जातात, माणूस फक्त ते कुठे पोचले ते मोजतो.

भाच्याला गेल्या वर्षी पदवी मिळाली. प्रबंधात शेवटी त्याने एक प्रकरण वाढवले, त्यात खऱ्या धमनीचे आणि खऱ्या चुंबकाचे आकडे घातले. त्या प्रकरणातल्या आलेखाच्या सगळ्या रेषा एकमेकींवर बसलेल्या आहेत, चष्मा लावूनही एकच रेषा दिसते. परीक्षकांनी त्यावर काही विचारले नाही. गावातल्या फार्मसी महाविद्यालयाकडून त्याने थेंबाथेंबाने द्रव सोडणारा पंप उसना मिळवला आहे, आणि ग्लिसरीन-पाण्याचे रक्ताइतके दाट मिश्रण करून काचेच्या नळीतून लोहकण सोडायला सुरुवात केली आहे. चुंबक जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेले आहेत. पहिल्या आठवड्यात निम्मे कण पंपाच्या सिरिंजमध्येच चिकटून राहिले. परवा त्याचा फोन आला होता, चांदीचे दागिने तोलायचा काटा कोणा सराफाकडून चार दिवसांसाठी मिळेल का, म्हणून विचारत होता. किती कण सोडले आणि किती बाहेर आले, ते त्याला वजन करून पाहायचे आहे.